रुक्मिणीला रथात चढता आलं पाहिजे

विदर्भानं पुराणांना ज्या राजकन्या दिल्या, त्यांतल्या तिघींच्या गोष्टी कपड्यावाचून सांगताच येत नाहीत. लोपामुद्रेला अगस्त्यांनी लग्नानंतर पहिली आज्ञा केली ती उंची वस्त्रं उतरवून वल्कलं नेसण्याची. तिनं ती नेसली. पुढे ऋषींना संतानाची इच्छा झाली तेव्हा मात्र तिनं अट घातली: माहेरी होता तसा पलंग हवा, दागिने हवेत, माझ्या अंगावर आणि तुमच्याही, या वल्कलांत जवळ येणार नाही. ऋषी बिचारे धन मागत राजांची दारं हिंडले. दमयंतीच्या गोष्टीत नळाचं वस्त्र पक्षी पळवतात, दोघं एकाच वस्त्रात रान तुडवतात, आणि ती झोपलेली असताना नळ ते वस्त्र मधोमध कापून अर्ध्यासह निघून जातो. रुक्मिणी नवरीच्या वेषात, हत्यारबंद पहाऱ्यात, पायी देवीला जाते आणि परतताना शिशुपालाच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या रथात चढते.

मी अकोल्याला शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना पोरी बसवायच्या म्हणजे स्मरणचित्रात पाण्यावर जाणाऱ्या बाया, बाजार, जत्रा हे ठरलेलं. पोरी लुगड्याच्या बाया सुरेख काढायच्या, कारण रोज घरात बघायच्या. पण त्यांनाच ‘राजकन्या काढा’ म्हटलं की हात दुसरीकडे वळायचा. कंबर मुठीत मावेल एवढी, छातीवर गाठ मारलेली कंचुकी, बेंबीच्या खूप खाली सुरू होणारं नेसू, पदराचा पत्ता नाही, आणि उभी अशी की एक पाऊल पुढे टाकलं तर पडेल. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. डोळ्यांत आधीच होतं. ते तिथे कसं आलं, हा माझा जुना छंद.

उघड्या अंगाबद्दल मला काही म्हणायचं नाही. वऱ्हाडच्या माणसानं म्हणूही नये. आजचं वाशीम म्हणजे वाकाटकांची वत्सगुल्म नगरी. १९९८पर्यंत वाशीम आमच्या अकोला जिल्ह्याचाच भाग होता. वाकाटकांच्या इथल्या शाखेचा राजा हरिषेण, आणि त्याचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं दान दिलं. अजिंठ्यात राणीच्या अंगावर वरच्या भागात दागिन्यांखेरीज फारसं काही नाही. पण राजाच्याही नाही. कंचुकी घातलेली दासी आहे, उघड्या अंगाची राणी आहे, मुकुटाखाली उघड्या छातीचा राजपुत्र आहे, आणि सगळे आपापल्या दुःखात किंवा कामात गुंतलेले आहेत. आपल्याकडे कोणी बघत नाही. चौकटीतले पुरुष अंगभर झाकलेले आणि बाई तेवढी उघडी, आणि तीही चौकटीबाहेरच्या माणसाकडे वळलेली, हा प्रकार नंतरचा.

कवींनाही सोडून देता येणार नाही. भागवतात रुक्मिणी देवळातून बाहेर येते तेव्हा कवी तिच्या कमरपट्ट्यापासून छातीपर्यंत नजर फिरवतो, आणि जमलेले राजे तिला पाहून हत्ती-घोड्यांवरून खाली कोसळतात. पण त्याच अध्यायात ती चालते, थांबते, डाव्या हातानं केस मागे सारून कृष्ण कुठे दिसतो ते बघते. तिला काम आहे. पत्र तिनंच पाठवलंय, दिवस तिनंच ठरवलाय, कुठून उचलायचं तेही तिनंच कळवलंय. तेराव्या शतकात आमच्या रिद्धपुरात, मोर्शीच्या बाजूला, महानुभावांच्या महदाइसेनं याच लग्नाचे धवळे रचले, गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या खेळाच्या निमित्तानं. मराठीतली पहिली कवयित्री म्हणतात ती हीच. रुक्मिणीची गोष्ट बाईच्या तोंडून ऐकायची सोय आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वी झाली होती. चित्रांत ती झाली नाही.

चित्रांचा कारखाना उघडला तो १८९४मध्ये, मुंबईत. राजा रविवर्म्याचा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि १९०१मध्ये जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशरनं विकत घेतला. पहिलं छापील चित्र शकुंतलेच्या जन्माचं, म्हणजे मेनका-विश्वामित्राच्या कथेचं. सयाजीराव गायकवाडांनी चौदा पौराणिक चित्रं सांगितली तेव्हा रविवर्मा भावासह देशभर हिंडला. साऱ्या देशाला चालेल असा नायिकेचा वेष त्याला हवा होता. त्याच्या बऱ्याच नायिकांच्या अंगावर शेवटी मराठी वळणाची साडी आली. आमची दमयंती त्यानं १८९९मध्ये रंगवली: तांबड्या साडीत, हंसाचा निरोप ऐकताना. हंसच का, याचं उत्तर सोपं आहे. अर्ध्या फाटक्या वस्त्रातली, पोरं वेडी समजून मागे लागलेली, चेदीच्या राजवाड्यात सैरंध्री म्हणून राहिलेली दमयंती कोण दिवाणखान्यात लावणार?

तरीही रविवर्म्याची साडी खरी साडी आहे. तिला वजन आहे, काठ जड आहे, खांद्यावरून कापड कसं ओघळतं हे त्यानं नेसलेल्या बाईवरून पाहिलंय. अप्सरांच्या बाबतीत त्याचा हात सैल सुटतो, पण कापड कापडासारखं वागतं. कोल्हापूरचे म. वि. धुरंधर तर याहून पक्के. ऑटो रॉथफील्डच्या १९२० सालच्या भारतीय स्त्रियांवरील पुस्तकात त्यांनी कोणत्या जातीची, कोणत्या प्रांताची बाई निऱ्या कुठे खोचते, पदर कुठून घेते, हे टिपून ठेवलं. मुलींना चुण्या शिकवायच्या असल्या की मी धुरंधरांची चित्रं दाखवायची.

मग एक गंमत झाली. विदर्भाची राजकन्या कशी दिसते हे साऱ्या महाराष्ट्राला एका पुरुषानं दाखवलं. खाडिलकरांचं ‘स्वयंवर’ १९१६मध्ये रंगभूमीवर आलं आणि बालगंधर्व रुक्मिणी झाले. उंची शालू, खरे दागिने, पदर सावरण्याची तऱ्हा. नाटक पाहून बायका घरी तसं नेसू लागल्या. गंधर्वांची रुक्मिणी अंगभर झाकलेली होती, त्याला साधं कारण होतं: आत पुरुषाचं शरीर. देह दाखवता येत नव्हता, म्हणून सगळी मोहिनी नेसण्यात आणि वावरण्यात ओतावी लागली. तीन-तीन तास त्या शालूत गायचं, बसायचं, उठायचं, रुसायचं. स्वतः नेसून वावरणाऱ्यानं घडवलेला वेष कसा असतो याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही, मग नेसणारा पुरुष का असेना.

शरीर दाखवायचं काम पुढे दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांनी आणि कॅलेंडरांनी घेतलं. दीनानाथ दलालांचा ‘दीपावली’ १९४५पासून निघायला लागला. रघुवीर मुळगावकरांची कॅलेंडरं आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवरची त्यांची मुखपृष्ठं खेडोपाडी पोचली. दोघेही गोव्याचे, दोघेही रेषेचे बादशहा. त्यांच्यावर टीका करताना माझी जीभ जड होते. दलालांची लुगड्यातली कोळीण किंवा शेतकरीण पाहावी, ती खरी चालते. पण मुळगावकरांच्या देवीच्या आणि सिनेमातल्या नटीच्या चेहऱ्यात फरक उरला नाही, आणि पौराणिक बाईच्या अंगावरचं कापड मऊ, चकचकीत, अंगाला धरून बसणारं झालं. आमच्या घरी कापसाच्या अडत दुकानातून आलेलं असंच एक कॅलेंडर होतं. माझी आजी रुक्मिणीच्या माहेरच्या, म्हणजे कौंडण्यपूरच्या, वाटेवरच्या गावची. तिनं ते बघून विचारलं होतं, “हे लुगडं नेसली व माय, का आंगावर चिटकवलं?”

आजीचा प्रश्न कलेच्या इतिहासाचा होता, पण तिला कोणी विचारत नव्हतं. तिची रुक्मिणी कौंडण्यपूरच्या देवळातली, नऊवारी लुगड्यात गुंडाळलेली. परंपरेप्रमाणे १५९४पासून तिची पालखी वर्धा नदीच्या काठावरून पंढरपूरला निघते, आणि सोबतच्या बायका कासोटा मारून शेकडो मैल तुडवतात. अमरावतीत अंबादेवीला नवरात्रात साड्यांचा ढीग पडतो. लोकांची श्रद्धा अशी की रुक्मिणी देवीदर्शनाला आली आणि हरण झालं ते इथूनच. देवळात बायका देवीला नेसवत होत्या, छापखान्यात तिचं वस्त्र काढलं जात होतं, आणि दोन्हींना एकाच घरात खिळा मिळत होता.

आमच्या पिढीच्या डोळ्यांत राजकन्या भरली ती मासिकांतून. १९५२पासून मराठीत ‘चांदोबा’ येऊ लागला, मद्रासच्या चित्रकारांच्या हातचा. त्यातल्या राण्या भरदार, घट्ट चोळीच्या, दाक्षिणात्य दागिन्यांनी मढलेल्या, पण खांद्यावर पदर असायचा. १९६४मध्ये टाइम्स ऑफ इंडियानं इंद्रजाल कॉमिक्स काढली, पुढे ती मराठीतही आली, आणि वेताळानं अकोल्याच्या पोरांना वेड लावलं. चार आण्यांत भाड्यानं कॉमिक मिळायचं, तिथेच पायरीवर बसून वाचायचं. वेताळाची डायना ऑलिंपिकदर्जाची जलतरणपटू, त्यामुळे ती पोहण्याच्या कपड्यात दिसली तर हरकत कशाला घ्यायची? तो तिच्या कामाचा पोशाख आहे. मँड्रेकची नार्डा मात्र राजकन्या असून कुठल्याही संकटात संध्याकाळच्या मेजवानीच्या झग्यात का सापडते, हे मला तेव्हाही कळत नव्हतं.

अनंत पैंनी १९६७मध्ये ‘अमर चित्र कथा’ सुरू केली आणि आमच्या राजकन्या परत आल्या. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम, सगळे मराठी हात. घराघरांत मुलांना पुराणं माहीत झाली ती यांच्यामुळे, हे ऋण मोठं आहे. पण पानं चाळताना एक नियम दिसायला लागतो, जो कोणी लिहून ठेवला नसेल. म्हातारी राणी, आई, दाई यांना पदर. तरुण नायिकेला कंचुकी आणि कमरेखालचं नेसू. मुलगी राजवाड्यात असो की आश्रमात, पेहराव तोच. फक्त आश्रमात दागिन्यांच्या जागी फुलं. लग्न होऊन मूल झालं की काही पानांत खांदा झाकला जातो. मुलीचं वय आणि ती कोणासाठी मोकळी आहे, हे कपड्यावरून सांगायची ही पद्धत आठ वर्षांच्या वाचकाच्या डोक्यात बिनबोभाट बसते.

यात चित्रकाराचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्याची अडचण मला ठाऊक आहे. बत्तीस पानं, प्रत्येक पानावर पाच-सहा चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत नऊवारीच्या चुण्या काढायच्या म्हणजे मनगट गळून पडेल. उघडं अंग दोन रेषांत होतं. अमेरिकेतल्या नायकांच्या अंगाला चिकटलेल्या वेषामागेही हेच आहे. १९३६च्या वेताळामागे रॉबिन हूडचे तंग कपडे, १९३८च्या सुपरमॅनमागे सर्कशीतल्या पहिलवानाचे. आणि काढायला सोपं, कारण नागडी आकृती काढायची आणि वर रंग भरायचा. पुरुषाच्या बाबतीत ही युक्ती त्याच्या ताकदीचं चित्र झाली. बाईच्या बाबतीत काय झालं ते दिसतंच. आणि आळस हे पूर्ण उत्तर नाही. तेच चित्रकार शिवाजी महाराजांच्या मावळ्याच्या अंगरख्याचे बंद, शेला, पगडीचे पेच अगदी निगुतीनं काढायचे.

हे हात पुढे कुठे गेले तेही बघण्यासारखं आहे. पुण्याच्या प्रताप मुळीकांनी १९८६मध्ये राज कॉमिक्ससाठी नागराज रेखाटला. वऱ्हाडात हिंदी वाचायला कोणाला अडत नाही. अकोल्याच्या स्टेशनावरून ही कॉमिक्स गठ्ठ्यांनी गावात जायची. इच्छाधारी नागिणी, राजकुमाऱ्या, खलनायिका, सगळ्यांच्या अंगावर कापड आणखी आटलं. पौराणिक बाईला निदान देवत्वाचा थोडा आडोसा होता, हिला तोही नव्हता. माझ्या वर्गातली मुलं वहीच्या मागच्या पानावर त्या काढायची. मी रागवायची नाही. “हिचा खांदा निखळलाय,” एवढंच लाल पेनानं लिहायची, कारण तो खरंच निखळलेला असायचा. छाती आणि पाठीमागचा भाग एकाच चौकटीत दाखवण्याच्या हट्टापायी कण्याला जो पीळ द्यावा लागतो तो माणसाच्या कण्याला झेपत नाही. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४पासून आहे. दोरीच्या मल्लखांबावर मुलींचा कणा किती वळतो आणि कुठे थांबतो हे कोणालाही जाऊन बघता येतं.

व्हिडिओ गेमबद्दल मी शिकले ती विद्यार्थ्यांकडून. नव्वदीत अमरावती-अकोल्यात नाणं टाकून खेळायची पार्लरं आली. १९९१च्या ‘स्ट्रीट फायटर टू’मधली चुन-ली ही अशा मारामारीच्या खेळांतली पहिली गाजलेली बाई, चिनी पेहरावाला लाथ मारण्यासाठी चीर, खाली जाड मोजे. चालेल. निदान लाथ बसते. त्याआधीच्या १९८६च्या ‘मेट्रॉइड’ची गोष्ट ऐकून मात्र मी हातातली कपबशी खाली ठेवली. संपूर्ण खेळभर चिलखतातला वीर लढतो, शेवटी कळतं की ती बाई आहे. आणि तुम्ही खेळ जितक्या लवकर संपवाल तितके तिच्या अंगावर कपडे कमी. बक्षीस म्हणून. १९९६मध्ये ‘टूम रेडर’ची लारा क्रॉफ्ट आली, जंगलं आणि थडगी धुंडाळणारी, आखूड चड्डीत. गुडघे फुटतील अशा खडकांवर ती तशीच चढायची. २०१३च्या नव्या अवतारात तिला लांब पँट मिळाली आणि अंगाला चिखल लागायला लागला.

२०१२मध्ये ‘स्माइट’ नावाच्या खेळातल्या कालीच्या रूपावर अमेरिकेतल्या हिंदू संघटनांनी आक्षेप घेतला. त्यावर इथेही काहींनी विचारलं की काली तर मूळची दिगंबरच, मग तक्रार कशाची? तक्रार योग्यच होती, फक्त कपड्याच्या मापाची नव्हती. मूर्तीतली काली उघडी आहे आणि तिच्याकडे बघताना आपण घाबरतो. खेळातली काली बघणाऱ्याला घाबरवत नव्हती, रिझवत होती.

आता मोबाइलवरच्या खेळात पोशाख हाच माल आहे. पोरं बाजारातल्या टोपीसारखे पात्राचे कपडे पैसे मोजून घेतात. २०२०मध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा माझ्या शेजारच्या मुलाला खेळ गेल्याचं दुःख होतं, पण विकत घेतलेले ड्रेस गेल्याचं जास्त. त्याच वर्षी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं ‘राजी’ आणला: खेळ करणाऱ्यांच्या कुटुंबातली पोरगी, हरवलेल्या भावाला शोधणारी, दुर्गेकडून शस्त्र मिळालेली. संस्थापकांत श्रुती घोष ही चित्रकार आहे. राजी उड्या मारते, खांबांवर चढते, आणि तिचं अंग तिच्या उड्यांसाठी घडवलंय हे दिसतं. पहाडी चित्रांची आठवण देणारे रंग, सावल्यांच्या बाहुल्यांचे प्रसंग. मला खेळता येत नाही, पण कोणी खेळत असलं की मी मागे खुर्ची टाकून बसते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात याच धंद्यात आहे, परदेशी कंपन्यांच्या खेळांसाठी पात्रं घडवते. तिनं मला सांगितलेलं कारण मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. पदर महाग पडतो. संगणकात सैल कापड हलवायचं म्हणजे क्षणाक्षणाला गणित. नाहीतर पदर मांडीतून आरपार जातो, निऱ्या गुडघ्यात घुसतात. अंगाला चिकटलेला कपडा म्हणजे नुसता कातडीवर रंगवलेला थर, त्याला वेगळं गणित लागत नाही. म्हणून साडी नेसलेलं पात्र सांगितलं की पहिल्या बैठकीत पदर जातो, दुसऱ्या बैठकीत निऱ्या जातात, आणि उरतं ते ‘भारतीय’ म्हणून पाठवलं जातं. बत्तीस पानांचा चित्रकार आणि हे संगणक एकाच वाटेनं एकाच ठिकाणी पोचले.

मी तिला म्हटलं, मग कासोटा घाल. कापूस वेचणारी बाई पदराची ओटी करून त्यात कापूस भरते, उरलेलं कमरेला खोचते. लोंबतं काहीच ठेवत नाही. पाय दोन वेगळे, कापड अंगाजवळ, तरी झाकलेलं. तुझ्या गणिताला तेच हवंय. तिनं दोन दिवसांनी फोन केला की जमतंय, पण मागचा काष्टा नीट बसत नाही, नेसून दाखवा. मग व्हिडिओ कॉलवर मी कपाटासमोर उभी राहून नेसले, सोडलं, पुन्हा नेसले, आणि ती पुढून-मागून-बाजूनं चित्रं टिपत राहिली.

सध्या ती स्वतःसाठी दमयंती करतेय, हंसाची नव्हे, रानातली. नऊवारी त्या काळची नाही हे आम्हा दोघींना माहीत आहे, पण अर्ध्या वस्त्रात बाईचं काय झाकतं आणि काय राहतं, हे कोणत्याच चित्रकारानं नेसून बघितलेलं दिसत नाही. आजीचं एक विटलेलं लुगडं माझ्याकडे होतं. ते मधोमध कापलं. साडेचार वारात कासोटा बसतो. पदर छातीवरून खांद्यापर्यंत पोचतो, डोक्यावर येत नाही. एक हात सतत खांद्याशी ठेवावा लागतो, नाहीतर घसरतं. पाठीला गाठ मारली तर दोन्ही हात मोकळे होतात, पण मग डावी पोटरी उघडी पडते. तिनं गाठ ठेवली आहे.